सोलापूरहून विरुपापूर गड्डी: बेटावरच्या खडकांवर एक दिवस

विरुपापूर गड्डीला बोल्डरिंगचा, म्हणजे दोराशिवाय कमी उंचीचे खडक चढण्याचा, बेत आखताना आधी घड्याळ बघायचं, नकाशा नंतर. डिसेंबरातसुद्धा इथला ग्रॅनाइट सकाळी पावणेसात ते सव्वादहा आणि दुपारी साडेतीन ते साडेपाच एवढाच वेळ हाताला नीट धरवतो. मधल्या वेळात दगड तापतो, तळहाताला घाम सुटतो, बुटाचं रबर मऊ पडतं आणि सकाळी सहज मिळालेली पकड दुपारी निसटते. गाडी, मुक्काम, जेवण, पॅड (पडलो तर लागू नये म्हणून खाली अंथरायची जाड गादी) हे सगळं या साडेपाच तासांभोवती बसवावं लागतं. अनेक गटांचा दिवस इथेच वाया जातो. रात्रभर प्रवास करून आठला पोचायचं, हात-पाय धुऊन नाष्टा करून साडेनऊला खडकापाशी जायचं, आणि तासाभरात ऊन डोक्यावर.

बेट म्हणजे हंपीसमोर तुंगभद्रेच्या दोन फाट्यांमधली जमीन. कानडीत बेटाला नडुगड्डे म्हणतात, त्यातलंच हे गड्डे. पलीकडच्या काठावर विरुपाक्ष मंदिराचं गोपूर दिसतं. अलीकडे भातखाचरं, केळीच्या बागा, आणि त्यांच्यामधून वर आलेले हत्तीएवढे, काही ठिकाणी दुमजली घराएवढे गोल दगड. एके काळी इथे रिसॉर्ट आणि खानावळींची रांग होती. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती बांधकामं पाडली गेली आणि बेट पुन्हा शांत झालं. ही शांतता छान आहे, पण चहा, स्वच्छतागृह, पाण्याची बाटली, भाड्याचा पॅड यांपैकी काहीही बेटावर मिळेल असं धरून जाऊ नका. लागणारी प्रत्येक वस्तू गाडीतून उतरायला हवी.

कधी जायचं

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. त्यातही डिसेंबर उत्तम. सोलापूरकरांनी जानेवारीतला संक्रांतीचा आठवडा सोडावा. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत घरचं माणूस घराबाहेर काढणं अवघड, आणि भाड्याची गाडी मिळणं त्याहून अवघड. नाताळ ते एक जानेवारीही टाळा. हंपी आणि आनेगुंदीचे रस्ते तेव्हा गाड्यांनी भरलेले असतात. अंजनाद्रीच्या पायथ्याशी तर शनिवारी एरवीही कोंडी होते, कारण ती टेकडी हनुमानाचं जन्मस्थान मानली जाते.

पावसाळ्यात जायचंच नाही. दगड ओला असतो हे एक कारण, पण मोठं कारण वरच्या अंगाला आहे. होस्पेटजवळचं तुंगभद्रा धरण भरलं की ३३ दरवाजांमधून पाणी सुटतं आणि बेटाच्या दोन्ही बाजूंचे फाटे फुगतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये असंच होऊन शेकडो पर्यटक विरुपापूर गड्डीत अडकले होते, त्यांना बाहेर काढावं लागलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस लांबला असेल तर निघायच्या आदल्या दिवशी धरणातून किती विसर्ग चालू आहे ते बघा. मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून "बेटाचा रस्ता सुरू आहे का" एवढं विचारलं तरी पुरतं. अशा गोष्टींत नेटवरच्या बातमीपेक्षा तिथल्या माणसाचा शब्द ताजा असतो.

रस्ता

सोलापूर, विजापूर, मग निडगुंदी, हुनगुंद, इलकल, कुष्टगी. सोलापूर ते विजापूर राष्ट्रीय महामार्ग ५२, विजापूरहून पुढे ५०. विजापूरपर्यंत शंभर किलोमीटर, पुढचे दोनशे. थांबे धरून सहा ते साडेसहा तास.

नेहमीची चूक मोबाइलच्या नकाशात होते. 'हंपी' टाकलं की तो तुम्हाला होस्पेटवरून नदीच्या दक्षिण काठावर, विरुपाक्ष मंदिरापाशी नेतो. बेट समोर दिसतं आणि मध्ये नदी. तिथून छोटी बोट आहे, पण ती संध्याकाळी लवकर बंद होते, पाणी वाढलं की बंद होते, आणि दोन हात रुंदीचे पॅड घेऊन बोटीत चढणं इतर प्रवाशांनाही त्रासाचं. गाडीने वळसा घालायचा तर कमलापूर, बुक्कसागरचा पूल, आनेगुंदी असा तास जातो. म्हणून नकाशात 'सणापूर' किंवा 'विरुपापूर गड्डी' टाका आणि होस्पेटला तुंगभद्रा ओलांडायच्या आधीच, मुनिराबादच्या बाजूने डावीकडे वळा. उत्तर काठच्या या रस्त्याने गाडी नदी न ओलांडता सणापूरला आणि तिथून बेटाकडे जाते.

रेल्वेने किंवा एसटीने होस्पेट गाठणाऱ्यांना मात्र होस्पेट ते हंपी १३ किलोमीटर रिक्षा आणि पुढे बोट हाच मार्ग. तो धरायचा तर परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ जातानाच विचारून घ्या.

गाडीचा चालक चढणारा नसावा. दिवसभर खडकावर घासलेले हात आणि जड झालेले डोळे घेऊन रात्री तीनशे किलोमीटर गाडी चालवणं हा या सहलीतला सर्वांत मोठा धोका आहे, खडकावरून पडण्यापेक्षाही मोठा. पाच-सहा जणांत चालकाचा खर्च वाटून घेतला तर जड वाटत नाही. त्याला दुपारी सावलीत तीन तास झोपू द्या, त्याची झोपही वेळापत्रकात धरा.

वेळापत्रक असं बसतं: शनिवारी दुपारी एकला सोलापूर सोडायचं, इलकलला चहा, साडेसात-आठला सणापूर किंवा गंगावतीला मुक्काम. साडेनऊला दिवे बंद. रविवारी पाचला उठायचं, सव्वासहाला खडकाकडे पायी निघायचं. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना आमचा स्पष्ट सल्ला: सकाळचं एकच सत्र करा, अकराला आवरा, साडेअकराला परतीला लागा, दिवेलागणीला घरी. दुसरं सत्र मोहात पाडतं, पण बोटांची कातडी गेलेली असते, पाय थकलेले असतात, आणि घोटे मुरगळतात ते याच वेळी. दोन सत्रं करायचीच असतील तर सोमवारी सुटी टाका आणि रविवारची रात्रही तिथेच काढा.

दगड कसा आहे

सोलापूरच्या पायाखालचा दगड काळा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. सह्याद्रीत प्रस्तरारोहण केलेल्यांचे हात त्यालाच सरावलेले असतात: आडवे कंगोरे, खाचा, बोटं अडकवायला जागा, आणि निसटणारे धोंडे. हंपीचा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. जमिनीखाली असतानाच भेगांमधून पाणी मुरून त्याचे कोपरे झिजले, मग वरची माती वाहून गेली आणि गोल दगड उघडे पडले. याचा चढणाऱ्याला होणारा अर्थ दोन ओळींत सांगता येतो. कंगोरे कमी, घर्षण जास्त. आणि माथा गोल असल्यामुळे चढ जिथे संपल्यासारखा वाटतो तिथेच खरा अवघड भाग सुरू होतो, कारण वर धरायला काठच नसतो. तळहात पालथा दाबून, कोपर सरळ करत, पाय हाताशेजारी आणून उभं राहावं लागतं. हे जमिनीलगतच्या कमरेएवढ्या दगडावर दहा वेळा करून मगच उंच दगडाला हात लावा.

उतरत्या गुळगुळीत पाठीवर, म्हणजे स्लॅबवर, नवखा माणूस घाबरून दगडाला चिकटतो. छाती दगडाला लागली की पायावरचा भार कमी होतो आणि पाय सुटतो. उलट करायचं: कंबर दगडापासून दूर, टाच खाली, पावलं लहान, नजर पुढच्या पायपकडीवर. बूट स्वच्छ हवा. तळव्यावर वाळूचे चार कण असले तरी स्लॅबवर ते गोट्यांसारखे फिरतात.

एक धोका ग्रॅनाइटचा स्वतःचा आहे. उन्हा-थंडीने वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि जागच्या जागी टिकून राहतो. दिसायला तो सुंदर पकडीसारखा दिसतो. बोटाच्या पेराने ठोकून बघा. भरीव दगड टणक आवाज देतो, सुटलेला पापुद्रा मडक्यासारखा वाजतो. वाजला की तो धरायचा नाही, ओढायचा तर मुळीच नाही. तो तुमच्यासकट खाली येतो आणि खाली स्पॉटर, म्हणजे पडणाऱ्याला सांभाळणारा साथीदार, उभा असतो.

बोल्डरिंगच का, आणि सामान किती

एका दिवसात दोर, बिले (चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं), अँकर (दोर अडकवायचा आधार) यांचं नियोजन करून काही हाती लागत नाही. इथले खडक बोल्डरिंगसाठी प्रसिद्ध आहेत: दोर नाही, उंची कमी, खाली जाड पॅड आणि पडणाऱ्याला सांभाळणारा माणूस. पहिल्या खेपेला मर्यादा घालून घ्या की पायाची उंची जमिनीपासून तीन मीटरच्या वर जाईल असा दगड घ्यायचा नाही. अवघडपणाच्या श्रेणी इथे व्ही किंवा फ्रेंच फाँटेनब्लो पद्धतीने सांगतात. व्ही-शून्य म्हणजे फाँटेनब्लोचा साधारण ४, व्ही-तीन म्हणजे ६ए. कृत्रिम भिंतीवर सहज व्ही-तीन करणारा माणूस इथे व्ही-एकवर अडकतो, त्यात वाईट वाटून घेऊ नये. स्लॅब आणि गोल माथे भिंतीवर शिकायला मिळत नाहीत.

पाच जणांना तीन पॅड लागतात, त्याखाली उतरू नका. सणापूर आणि आनेगुंदीच्या बाजूला राहण्याच्या काही ठिकाणी भाड्याने मिळतात, पण हंगामात फोनवर पक्कं केल्याशिवाय भरवसा नाही. स्वतः करून घ्यायचा असेल तर सोलापुरात गादीवाल्याकडे होतो. माप १०० गुणिले १२० सेंटीमीटर, जाडी एकूण १० सेंटीमीटर. त्यात वरचा अडीच सेंटीमीटर थर दाट ईव्हीए फोमचा, जो बोटाने दाबला तरी फारसा दबत नाही, आणि खाली साडेसात सेंटीमीटर ४० डेन्सिटीचा पीयू फोम. क्रम उलटा झाला तर पॅड कुचकामी. कडक थर वर असला की टाचेचा मार पसरतो, मऊ थर खाली असला की तो शोषला जातो. नुसता मऊ फोम घेतला तर टाच थेट जमिनीला टेकते. कापसाची गादी तर दोन-तीन पडण्यांत बसते. कव्हर जाड कॅनव्हासचं, एका बाजूला चेन, आणि पाठीवर अडकवायला दप्तरासारखे दोन पट्टे, कारण गाडीपासून खडकापर्यंत वाट बांधांवरून आणि दगडांमधून जाते.

बाकीचं सामान माणशी: घट्ट, पातळ तळव्याचे क्लाइंबिंग बूट. धावायचे बूट जाड आणि मऊ असल्याने छोट्या पायपकडीवर वाकतात, चालतील ते फक्त पहिल्या सोप्या दगडांना. चॉक आणि पिशवी. चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, हात कोरडे ठेवणारी पांढरी पूड, माणशी ५० ग्रॅम दिवसाला भरपूर. घरात दिसायला तशीच असलेली कॅरमची पावडर असते, ती कुणी तरी हमखास उचलतो. ती सोंगट्या घसराव्यात म्हणून बनवलेली आहे, हातही घसरवते. टाल्कम पावडरचंही तेच. दात घासायचा जुना, मऊ केसांचा ब्रश पकडी साफ करायला. तारेचा ब्रश नको, दगडावर कायमचे ओरखडे पडतात. एक सोलापुरी टॉवेल बुटाचे तळवे पुसायला. चादर गाडीत राहू द्या, पॅडवर पसरू नका. ती पॅडवर सरकते आणि उतरताना पाय तिच्यात गुंततो.

गटात मिळून: अडीच सेंटीमीटर रुंद चिकटपट्टीची दोन रिळं, १० सेंटीमीटरचे दोन क्रेप बँडेज, बेटाडिन, कात्री, नखं घासायची कानस, ओआरएसची सहा पाकिटं, जाड पुठ्ठ्याच्या दोन खपच्या, माणशी एक बॅटरी आणि एक चार फुटी काठी. काठीचं काम पुढे येईल.

पाणी माणशी चार लिटर, त्यातलं निम्मं सकाळच्या सत्रात संपलं पाहिजे. ओआरएस संपलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, भरून उंच नको.

जेवणाच्या बाबतीत सोलापूरकरांना काही शोधायची गरज नाही. कडक भाकरी आणि शेंगा चटणी यांच्यापेक्षा बेटाला साजेसं जेवण नाही: डब्यात दोन दिवस काही होत नाही, उन्हात आंबत नाही, चुरा झाला तरी खाता येतो, मीठ आणि ताकद दोन्ही देतं. चढण्याआधी मात्र हलकं खा. साडेपाचला एक केळं आणि चहा, मग दर तासाला मूठभर गूळ-शेंगदाणे. पोटभर जेवण अकरानंतर. तेलकट काही खाल्लं तर हात साबणाने धुतल्याशिवाय दगडाला लावू नका. तुमची पकड जाते ती जातेच, पण तेल दगडात मुरतं आणि मागून येणाऱ्यांचीही पकड बिघडते.

तयारी सोलापुरातच

निघण्याआधी सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस पुरेसे. बारवर लटकून राहणं २० सेकंदांच्या सहा फेऱ्या, जोर, एका पायावर उठाबशा, आणि पडण्याचा सराव. हा शेवटचा भाग बहुतेक जण सोडून देतात. एक मीटर उंचीवरून पॅडवर उडी मारायची, दोन्ही पाय एकदम टेकवायचे, गुडघे वाकवायचे आणि पाठीवर लोळत जायचं. हात मागे टेकवायचे नाहीत, मनगट मोडतं ते तसंच. रोज वीस उड्या. हे अंगवळणी पडलं की दगडावरून अचानक सुटल्यावर शरीर विचार न करता तसंच पडतं. सरावासाठी नळदुर्गच्या किंवा भुईकोटाच्या तटावर चढायचा विचारही करू नका. ती संरक्षित वास्तू आहेत.

खडकापाशी

नदीकाठ आणि भातखाचरं यांमुळे पहाटे दगडावर दव असतं. पावणेसातला पोचलात तरी पहिली १५-२० मिनिटं अंग गरम करण्यात घालवा. खांदे, मनगटं, घोटे फिरवा, आणि त्या वेळात दगडाभोवती एक फेरी मारा. फेरीत चार गोष्टी बघायच्या: वर कसं जायचं, खाली कसं उतरायचं, पडलो तर कुठे, आणि दगडात कोण राहतं.

उतरायची वाट आधी ठरवायची हे इथे फार महत्त्वाचं आहे. गोल दगड एका बाजूने चढता येतो आणि दुसऱ्या बाजूने उतरायला काहीच नसतं. वर जाऊन बसलेला माणूस शेवटी उडी मारतो आणि घोटा घालवतो. मागे झाड, लहान दगडांची उतरंड किंवा सोपी पाठ दिसली नाही तर तो दगड सोडून द्या. बेटावर आणि लगतच्या ऋषिमुख पठारावर दगडांना तोटा नाही.

चौथ्या गोष्टीसाठी काठी. भेगेत, दगडाखालच्या पोकळीत हात घालायच्या आधी काठीने खडखडाट करा. विंचू आणि साप दोन्ही अशा जागी असतात. ओव्हरहँगच्या, म्हणजे बाहेर झुकलेल्या दगडाच्या, पोटाला आग्या मोहोळ लटकलेलं असेल तर त्या दगडापासून गप्पा न मारता, चॉक न उधळता निघून जा. एक माशी चावली की तिच्या वासाने बाकीच्या येतात, आणि दगडावर अर्ध्या उंचीवर असलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

सावलीचा हिशेब सोपा आहे. सकाळी दगडाची पश्चिमेकडची बाजू धरा, दुपारनंतर पूर्वेकडची. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो म्हणून उत्तरेकडच्या उभ्या भिंती जवळजवळ दिवसभर सावलीत राहतात. उशीर झाला तर त्या शोधा. आदल्या संध्याकाळी पोचून अर्धा तास उजेडात फिरता आलं तर हे दगड तेव्हाच हेरून ठेवा.

पॅड आणि स्पॉटर

पॅड चढणाऱ्याच्या खाली ठेवायचा नाही, तो पडेल तिथे ठेवायचा. तिरक्या चालीत माणूस दोन हात बाजूला पडतो. ओव्हरहँगवरून सुटला तर मागे फेकला जातो. तीन पॅड असतील तर दोन पडण्याच्या जागी शेजारी-शेजारी, आणि तिसरा मागच्या टोकदार दगडावर टेकवून. दोन पॅडमधली फट हा घोट्यांचा शत्रू. पाय फटीत गेला की आत वळतो. कडेला कडा घट्ट भिडवा, जमीन उंचसखल असेल तर खाली पानांचा नाही, मातीचा भराव करा.

स्पॉटरचं काम झेलण्याचं नाही. पन्नास-साठ किलोचा माणूस तीन मीटरवरून झेलता येत नाही, प्रयत्न केला तर दोघांना लागतं. स्पॉटरने पाय पुढे-मागे ठेवून, हात वर, अंगठे बोटांना चिकटवून उभं राहायचं. अंगठा बाहेर राहिला तर तो मागे वळून निखळतो. पडणाऱ्याच्या कमरेला किंवा बगलांखाली हात लावून त्याला पॅडकडे ढकलायचं, म्हणजे तो पायांवर उतरतो आणि डोकं-पाठ दगडापासून दूर राहते. नजर चढणाऱ्याच्या कमरेवर, हातांवर नाही. कंबर जिकडे जाईल तिकडे माणूस पडतो. स्पॉटिंग चालू असताना मोबाइलवर चित्रीकरण तिसऱ्याने करावं. हा नियम मोडायचा मोह सर्वांना होतो, म्हणून तो निघतानाच सगळ्यांकडून कबूल करून घ्या.

कातडी

ग्रॅनाइटचे स्फटिक बोटांची टोकं कानशीसारखी घासतात. उत्साहात सलग प्रयत्न केले तर तासाभरात टोकं गुलाबी होतात, मग पाणी सुटतं, मग रक्त. एका दगडावर दोन प्रयत्नांमध्ये चार मिनिटं थांबा, चार जणांत पाळी लावली की हे आपोआप होतं. अवघड दगडाला पाच प्रयत्न, त्यानंतर दुसरा दगड. कातडीचा पापुद्रा उचलला गेला तर ओढून काढू नका. कडा कात्रीने कापा, कानशीने घासून सपाट करा, धुऊन पट्टी बांधा. पट्टी बोटाभोवती आडवी-तिडवी गुंडाळा, नुसती गोल गुंडाळली तर घामाने सरकते. निघायच्या आदल्या आठवड्यात भांडी घासणं, कपडे पिळणं यांपासून हात कोरडे ठेवता आले तर बरं. मऊ पडलेली कातडी लवकर फाटते.

पाणी, जनावरं, रात्र

दुपारी तुंगभद्रा समोर दिसते आणि अंग तापलेलं असतं. पोहायला उतरू नका. प्रवाहात दगडांखाली पोकळ्या आहेत, वरून पाणी शांत दिसलं तरी आत ओढ असते, आणि या नदीत मगरी आहेत. २०२५ च्या फेब्रुवारीत सणापूरजवळ उंच खडकावरून नदीत उडी घेतलेल्या एका पर्यटकाचा वाहून जाऊन मृत्यू झाला. गाडीत पाण्याचा वेगळा कॅन ठेवा आणि डोक्यावर तांब्याने पाणी घ्या, तेवढा गारवा पुरतो.

परिसरात बिबट्या आणि अस्वलं आहेत, जवळच दरोजीचं अस्वल अभयारण्य आहे. संध्याकाळी सहाच्या आत खडकांमधून बाहेर पडा. सोलापुरात ज्यांच्या घरी कानडी बोलतात त्यांनी शेतावरच्या माणसाशी सकाळीच बोलावं: करडी म्हणजे अस्वल, चिरते म्हणजे बिबट्या. काल कुठे दिसलं ते त्याला ठाऊक असतं. अंधार पडल्यावर नदी-कालव्याच्या काठी गप्पा मारत बसू नका. २०२५ च्या मार्चमध्ये सणापूरच्या कालव्यापाशी रात्री पर्यटकांवर प्राणघातक हल्ला झाला होता. काळोख झाला की मुक्कामाच्या छताखाली.

अपघात झाला तर १०८ किंवा ११२. जवळची मोठी ठिकाणं गंगावती आणि होस्पेट. घोटा सुजला आणि चार पावलं टाकवत नसेल तर मुरगळा समजून चोळू नका, खपच्या लावा आणि एक्स-रेला न्या. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करायचं नाही. पाय-हात न हलवता पॅडवर झोपवून उचलायचं आणि सरळ रुग्णालयात. डोकं किंवा मान आपटली असेल तर त्याला उठवून बसवू नका, रुग्णवाहिका येईपर्यंत मान धरून ठेवा.

कुठे हात लावायचा नाही

हंपी १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मंदिर, मंडप, तटबंदी, कोरीव शिल्प असलेला खडक, दगडाखाली बसवलेली शेंदरी मूर्ती, या कशावरही चढायचं नाही, आणि त्याला टेकून पॅडही ठेवायचा नाही. शंका आली तर दगड बदला. खिळे, बोल्ट, छिन्नी बेटावर आणायचीच नाही. शेतातून जाताना बांधावरून एकामागे एक जा, पॅड पिकाला लागू देऊ नका. मालक भेटला तर विचारा. त्याच्या केळीच्या बागेतून वाट मिळाली तर ती पुढच्यांनाही मिळत राहावी एवढी काळजी घ्या. सत्र संपलं की चॉकचे पांढरे डाग ब्रशने झाडून ओल्या फडक्याने पुसा. चिकटपट्टीचे तुकडे मोजून परत आणा, शेळ्या ते खातात.

निघताना माणसं, पॅड आणि बूट मोजा. बूट विसरतो तो नेहमी सावलीत वाळत ठेवलेला जोड. पॅड वर कॅरिअरवर बांधणार असाल तर दोर मधोमध एक आणि दोन्ही टोकांना एकेक, नाही तर वाऱ्याने पुढची कड उचलली जाते आणि कॅनव्हास फाटतो. पहिल्या वीस किलोमीटरनंतर एकदा थांबून दोर ओढून बघा. घरी आल्यावर पॅडची चेन उघडून गच्चीवर सावलीत दोन दिवस उभे ठेवा. दव आणि घामाची ओल आत राहिली तर फोमला कुबट वास लागतो आणि पुढच्या डिसेंबरापर्यंत चेन गंजलेली असते.